जीज बेंडच्या गोधड्या आणि 'फ्रीडम क्विल्टिंग बी'

मार्च १९६६ च्या अखेरीस अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, विल्कॉक्स काउंटीतल्या कॅम्डेन गावच्या अँटिऑक बॅप्टिस्ट चर्चमध्ये साठेक कृष्णवर्णीय स्त्रिया जमल्या. बहुतेक जणी शेतमजुरांच्या नाही तर कुळांच्या घरातल्या. वर्षभर कापूस वेचायचा आणि हिवाळा जवळ आला की गोधड्या शिवायच्या, हे त्यांचे आयुष्य. त्या दिवशी त्यांनी एक सहकारी संस्था काढली आणि तिला नाव दिले 'फ्रीडम क्विल्टिंग बी'. क्विल्ट म्हणजे तीन थरांची गोधडी. वर तुकडे जोडून केलेली रंगीत बाजू, मध्ये कापूस, खाली अस्तर आणि या तिघांना धरून ठेवणारे टाके. 'बी' म्हणजे आपल्याकडच्या इर्जिकीसारखा प्रकार, शेजारणींनी एकत्र बसून एकीचे काम हातावेगळे करायचे. 'फ्रीडम' म्हणजे स्वातंत्र्य, आणि त्या काळी त्या काउंटीत हा शब्द पाटीवर लिहायलाही छाती लागत होती.

१९६६ पासून मोजले तर २०२६ हे संस्थेचे हीरकमहोत्सवी वर्ष. या गोधड्या आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत, त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ निघाले आहेत. त्यामुळे ही कथा बहुधा संग्रहालयाच्या दारातून सुरू होते. मला ती तशी सांगायची नाही. ती जमिनीपासून सांगितली, तरच या बायकांनी काय केले ते कळते.

अलाबामा नदी एका ठिकाणी असे वळण घेते की मधल्या भूभागाला तिन्ही बाजूंनी पाणी वेढून राहते. हे जीज बेंड, त्या बायकांपैकी पुष्कळ जणींचे गाव. टपाल खात्याच्या लेखी त्याचे नाव बॉयकिन आहे, पण लोक अजून जुनेच नाव घेतात. जोसेफ जी नावाचा नॉर्थ कॅरोलायनाचा जमीनदार १८१६ च्या सुमारास गुलामांना घेऊन इथे आला आणि कापसाचा मळा वसवला. १८४५ मध्ये हा मळा कर्जाच्या भरपाईत मार्क पेटवे या नातलगाकडे गेला. पेटवेने नॉर्थ कॅरोलायनातून शंभरेक गुलामांना इथवर पायी चालवत आणले. गुलामगिरी कायद्याने संपली तरी मालकाचे आडनाव माणसांना चिकटून राहिले. गोधड्यांच्या प्रदर्शनात फलकामागून फलकावर 'पेटवे' हेच आडनाव दिसते, त्याचे कारण हे.

मुक्त झालेले लोक तिथेच कुळे म्हणून राबत राहिले. बियाणे, अवजारे, खाणे सगळे उधारीवर, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब नेहमी कुळाच्या अंगावर. १९३२ मध्ये कॅम्डेनचा एक उधारी देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या वारसांनी एकदम वसुली काढली. माणसे आली, साठेक कुटुंबांची गुरे, नांगर, गाड्या, कोठारातले धान्य, कोंबड्यासुद्धा घेऊन गेली. त्या हिवाळ्यात रेड क्रॉसच्या शिध्यावर गाव जगले.

याच्या पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील' या मदत-धोरणाच्या काळात केंद्र सरकारने इथली सुमारे दहा हजार एकर जमीन विकत घेतली, तिथे साधी, नीटस घरे बांधली आणि १९४० च्या दशकात ही जमीन व घरे स्वस्त कर्जावर कुळांच्याच नावे केली. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या नावावर जमीन असणे ही त्या काळी फार दुर्मिळ गोष्ट होती. आर्थर रॉथस्टीन या सरकारी छायाचित्रकाराने १९३७ मध्ये गावाचे फोटो काढले. त्यांत ओंडक्यांच्या झोपड्या दिसतात, थंडी अडवायला भिंतींवर डकवलेली वर्तमानपत्रे दिसतात, आणि गोधडी शिवणाऱ्या बायकाही दिसतात.

या बायकांच्या हातातली कला आली गरजेतून. घर थंड, मुले पुष्कळ, आणि विकतचे पांघरूण परवडणारे नाही. मळ्यात घालून विरलेल्या विजारी, सदरे, पिठाची आणि खताची पोती, फाटके परकर, जे हाताला लागेल ते फाडायचे, धुवायचे आणि जोडायचे. जिनिंगच्या जागी जमिनीवर सांडलेला कापूस गोळा करून आणायचा, काठीने झोडपून मोकळा करायचा आणि मधल्या थरात पसरायचा. वरची बाजू ज्या बाईची ती एकटीने जोडायची. तुकडा कुठे बसेल, कोणता रंग कोणाशेजारी येईल, हा निर्णय तिचा, त्यात कोणी बोलायचे नाही. टाके घालायला मात्र शेजारणी जमायच्या. लाकडी चौकट आढ्याला टांगलेली असे, ती खाली ओढून घ्यायची आणि चारी बाजूंनी बसून भजने म्हणत धावदोरा घालायचा.

नमुनेही गावाचे स्वतःचे होते. मधल्या एका चौकोनाभोवती पट्ट्या वाढवत नेतात त्याला 'हाउसटॉप' म्हणजे घराचे छप्पर म्हणत. विटांची रचना करावी तशा पट्ट्या बसवल्या की 'ब्रिकलेयर'. आणि कोणताही ठरलेला नमुना न धरता मनाने केलेल्या गोधडीला बायका सरळ 'माय वे', म्हणजे 'माझ्या रीतीची', असे म्हणत. १९४२ मध्ये मिसूरी पेटवे यांनी नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याच्या आठवणीवर पांघरूण म्हणून निजता यावे, हा त्यामागचा हेतू त्यांच्या लेकीने, आर्लोन्झिया पेटवे यांनी, पुढे सांगून ठेवला. निळ्या, करड्या, गुडघ्यावर विटलेल्या त्या कापडात कोणतीही सजावट नाही. मला या साऱ्या परंपरेतली ही सर्वांत थोर गोधडी वाटते.

हिवाळा सरला की गावभर गोधड्यांना ऊन दाखवायचा दिवस येई. अंगणातल्या दोऱ्यांवर, कुंपणांवर, ओसरीच्या कठड्यावर घरातले सगळे पांघरूण बाहेर पडे, आणि बायका या अंगणातून त्या अंगणात फिरत एकमेकींचे काम पाहत, नमुना मनात साठवून घरी नेत. नमुने शिकण्याची शाळा म्हणाल तर ती हीच.

आता १९६० चे दशक. विल्कॉक्स काउंटीत तीन चतुर्थांशाहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची, आणि मतदार यादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही. जीज बेंडचे लोक नावे नोंदवायला नदीपलीकडे कॅम्डेनला जाऊ लागले. तिथे जायला नदीवर तर, म्हणजे फेरीबोट, होती. १९६२ मध्ये ती बंद करण्यात आली. समोर दिसणारे गाव एकाएकी रस्त्याने चाळीसेक मैल दूर गेले. याच सुमारास नदीवर मिलर्स फेरीचे धरण आले आणि काठची सुपीक जमीन पाण्याखाली गेली. तरीही लोक थांबले नाहीत. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग जीज बेंडच्या प्लेझंट ग्रोव्ह चर्चमध्ये बोलून गेले, आणि ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला. जीज बेंडच्या लोकांना धमक्या आल्या, अटका झाल्या, पण त्यांना घरातून कोणी काढू शकले नाही, कारण घर त्यांच्या नावावर होते. काउंटीतल्या इतर कुळांचे तसे नव्हते. तिथे मतदार यादीत नाव घातले की जमीनमालक दुसऱ्या दिवशी घर सोडायला सांगे.

अशा हकालपट्ट्यांची नोंद घेत फादर फ्रान्सिस वॉल्टर हे एपिस्कोपल धर्मगुरू त्या भागात फिरत होते. ते मूळचे अलाबामाचेच, गोरे, आणि सेल्मामधल्या सर्वधर्मीय प्रकल्पाचे काम पाहणारे. डिसेंबर १९६५ मध्ये पॉसम बेंड भागातल्या एका घरासमोर दोरीवर घातलेल्या गोधड्या त्यांना दिसल्या आणि ते गाडी थांबवून उतरले. गोरा माणूस अंगणात येताना पाहून घरातली बाई रानात पळून गेली. नंतर ते ओळखीच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याला घेऊन परत गेले, तेव्हा बोलणे झाले. त्या एका प्रसंगात त्या काउंटीची सगळी परिस्थिती आहे.

वॉल्टर यांनी ७०० डॉलरचे अनुदान मिळवले आणि दहा-दहा डॉलर देऊन गोधड्या जमवायला सुरुवात केली. त्यांचा न्यूयॉर्कमध्ये लिलाव करायचा आणि पैसे या बायकांकडे परत आणायचे, असा बेत. आजवर पाच डॉलरलाही कोणी विचारत नव्हते, म्हणून दहा डॉलर ऐकून पुष्कळ जणींचा विश्वासच बसला नाही. १९६६ च्या वसंतात लिलाव झाले, दहाच्या दुपटीहून चांगला भाव आला. त्याच दिवसांत वर सांगितलेली चर्चमधली बैठक झाली आणि संस्था उभी राहिली. वॉल्टर यांचे श्रेय मोठे आहे, पण त्यांनी संस्थेची खुर्ची घेतली नाही. पहिल्या अध्यक्षा मिंडर कोलमन. आणि व्यवस्थापक म्हणून जिने पुढची वीस-बावीस वर्षे संस्थेचा संसार ओढला ती बाई म्हणजे एस्टेल विदरस्पून.

विदरस्पूनबाई जीज बेंडपासून काही मैलांवरच्या रिहोबथ वस्तीतल्या. मताधिकाराच्या मोर्चांत नवऱ्यासह पुढे असलेल्या. त्यांच्या आई ओलर मोझली याही संस्थेच्या पहिल्या पिढीतल्या कसबी गोधडीवाल्या. आरंभीचे कामकाज घरातच चाले. कापड आले की वाटायचे, गोधड्या आल्या की तपासायच्या, बांधायच्या, पाठवायच्या, पैशांचा हिशेब ठेवायचा आणि ज्या बाईचे काम तिच्या हातात रक्कम द्यायची. आयुष्यात पहिल्यांदाच अनेकींच्या हातात स्वतःच्या नावाचा चेक पडला. मुलांची फी, बूट, घराला नळ, फ्रिज, असे या पैशांतून झाले. संस्था भरात असताना तिच्या सभासदांची संख्या दीडशेच्या घरात होती.

१९६७ मध्ये चित्रकार ली क्रॅस्नर स्वतः इथे आल्या आणि गोधड्या घेऊन गेल्या. 'व्होग'च्या संपादक डायाना व्रीलँड यांनी कौतुक केले, न्यूयॉर्कच्या गृहसजावटकारांनी श्रीमंतांच्या घरांत या गोधड्या नेल्या. १९६९ मध्ये ब्लूमिंगडेल्स या बड्या दुकानाने माल घेतला. त्याआधीच संस्था दक्षिणेतल्या सहकारी संस्थांच्या महासंघाची संस्थापक सभासद झाली होती.

पण संस्थेच्या इतिहासातले सर्वांत मोठे काम मी यांपैकी कोणतेही मानत नाही. गोधड्यांच्या पैशांतून आणि मिळालेल्या मदतीतून संस्थेने रिहोबथजवळ २३ एकर जमीन विकत घेतली. १९६९ मध्ये तिथे शिवणकेंद्राची इमारत उभी राहिली. सुमारे साडेचार हजार चौरस फुटांचे हे केंद्र, त्याला मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव दिले. आणि उरलेल्या जमिनीतून ८ भूखंड पाडून ते अशा कुटुंबांना विकले, ज्यांना मतदार यादीत नाव घातल्याबद्दल घराबाहेर काढले होते. १९३२ मध्ये ज्यांच्या कोंबड्याही जप्त झाल्या त्यांच्या लेकीसुनांनी पस्तीस-चाळीस वर्षांत दुसऱ्यांना जमीन दिली. चिंध्या जोडून केलेल्या पांघरुणातून जमीन घेतली आणि ती मतदानाचा हक्क बजावणाऱ्यांच्या पायाखाली ठेवली. जीज बेंडची जमीन सरकारने दिली होती. रिहोबथची या बायकांनी स्वतः मिळवली. 'फ्रीडम' हे नाव इथे सार्थ झाले. शिवणकेंद्रात येणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघरही संस्थेने चालवले.

बाजाराच्या अटी मात्र कडक होत्या. दुकानाला शंभर गोधड्या हव्यात तर शंभरही एका मापाच्या, एका नमुन्याच्या आणि सारख्या टाक्यांच्या हव्यात. 'बेअर्स पॉ' म्हणजे अस्वलाचा पंजा, 'ग्रँडमदर्स ड्रीम', 'कोट ऑफ मेनी कलर्स' असे ठरावीक नमुने घेतले गेले, कापड कारखान्याचे आले. 'माझ्या रीतीची' शिवणाऱ्या काही जणींना हे जमले नाही, काही सोडून गेल्या. १९७२ पासून सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवायचे काम आले. सोनेरी, अॅव्होकाडोच्या पानाचा हिरवा, नारिंगी आणि चेरीसारखा लाल, असे त्या कापडाचे रंग. हजारोंनी अभ्रे, सगळे एकसारखे.

पुढच्या काळात कलासमीक्षकांनी याच मुद्द्यावर संस्थेला कमी लेखले. संस्थेने बायकांना यंत्र केले, अस्सल कला घरात राहिली आणि संस्थेत नुसता माल निघाला, असे लिहिले गेले. मला हे न्याय्य वाटत नाही. ज्या काउंटीत बाईला मजुरीचा दुसरा मार्ग कापसाच्या शेतात वाकण्याचा होता, तिथे सावलीत बसून, मूल पाळणाघरात ठेवून, ठरल्या दराने मिळणारे काम ही लहान गोष्ट नव्हे. आणि कलेचे म्हणाल तर सीअर्सच्या कामातली कॉर्डरॉयची कात्रणे बायका घरी नेत, रात्री त्यांची स्वतःच्या रीतीची गोधडी जोडत. जाड, रेघारेघांच्या त्या कापडाला नाजूक तुकडे मानवत नाहीत. मोठे पट्टे, मोठे चौकोन, रंगाशी सरळ रंग, अशी त्या गोधड्यांची धाटणी झाली. आज संग्रहालयांत ज्यांच्यापुढे लोक थबकतात अशा कित्येक गोधड्या त्या कात्रणांच्या आहेत. दिवसा मजुरी आणि रात्री स्वतःचे काम, दोन्ही एकाच हाताचे.

१९८० च्या दशकानंतर मोठ्या ऑर्डरी आटल्या. परदेशी स्वस्त माल आला, तरुण मुली शहरांकडे गेल्या, पहिल्या पिढीची नजर आणि बोटे थकली. विदरस्पूनबाई १९९८ मध्ये गेल्या. वादळाने केंद्राच्या इमारतीचेही नुकसान केले. २०१० मध्ये पहिल्या कार्यकारिणीतल्या नेटी यंग वारल्या आणि २०१२ मध्ये संस्थेचे कामकाज थांबले. सेहेचाळीस वर्षे संस्था चालली. खेड्यातल्या, भांडवल नसलेल्या, बायकांनी चालवलेल्या सहकारी संस्थेसाठी हे आयुष्य मोठे आहे.

संस्था मावळतीला असतानाच गोधड्यांचे नशीब उघडले. अटलांटाचे संग्राहक विल्यम आर्नेट यांनी एका पुस्तकात ॲनी मे यंग यांच्या गोधडीचा फोटो पाहिला आणि १९९८ च्या सुमारास तिचा माग काढत ते जीज बेंडला आले. पलंगांवरच्या, गाद्यांखालच्या, पेट्यांमधल्या जुन्या गोधड्या त्यांनी विकत घेतल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि पाठोपाठ न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्यांचे प्रदर्शन झाले. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने त्यांना अमेरिकेच्या आधुनिक कलेतल्या सर्वांत अद्भुत कामांमध्ये गणले. भिंतीवरच्या प्रत्येक गोधडीशेजारी शिवणाऱ्या बाईचे पूर्ण नाव होते. ब्लूमिंगडेल्सच्या काचेत ते नव्हते. २००३ मध्ये गावातल्या बायकांनी 'जीज बेंड क्विल्टर्स कलेक्टिव्ह' स्थापन केली. ऑगस्ट २००६ मध्ये टपाल खात्याने दहा गोधड्यांची तिकिटे काढली, आणि पुढे याच गोधड्यांची चित्रे गावातल्या रस्त्याकडेला मोठ्या फलकांवर रंगवली गेली. २००६ च्याच सप्टेंबरमध्ये कॅम्डेनला जाणारी ती बंद पडलेली तर पुन्हा सुरू झाली. मधे ४४ वर्षे गेली होती.

प्रसिद्धीबरोबर वादही आले. मोबदला आणि प्रतिमांचे हक्क यांवरून २००७ मध्ये काही बायका न्यायालयात गेल्या, पुढच्या वर्षी प्रकरण आपसांत मिटले. आर्नेट यांनी २०१० मध्ये स्थापन केलेल्या 'सोल्स ग्रोन डीप' प्रतिष्ठानने बहुतेक संग्रह देशभरच्या संग्रहालयांना दिला. २०१५ मध्ये मेरी ली बेंडॉल्फ, ल्युसी मिंगो आणि लॉरेटा पेटवे या तिघींना राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. यांपैकी ल्युसी मिंगो 'बी'च्या जुन्या सभासद.

ऊन दाखवण्याचा तो जुना दिवस पुन्हा सुरू झाला ऑक्टोबर २०२२ मध्ये. 'एअरिंग ऑफ द क्विल्ट्स' या नावाने तो आता उत्सव म्हणून भरतो, आणि 'सोल्स ग्रोन डीप' व 'नेस्ट' या संस्था गावकऱ्यांबरोबर त्याची व्यवस्था पाहतात. दोऱ्या पुन्हा अंगणांत बांधतात, चर्चची भजने होतात, जेवण असते, आजीकडून नातीकडे आलेली टाके घालण्याची पद्धत पाहुण्यांना शिकवतात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गोधडी शिवणारीच ती विकते, दर तीच सांगते. २०२१ पासून 'एट्सी' या ऑनलाइन बाजारावरही काही जणींची स्वतःची दुकाने आहेत. विदरस्पूनबाईंच्या वहीतला हिशेब आता प्रत्येकीच्या हातात आला आहे.

उत्सव दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या शनिवारी असतो. अटलांटा, बर्मिंगहॅम या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींनी एकदा अवश्य जावे. मताधिकाराच्या मोर्चामुळे प्रसिद्ध झालेला सेल्माचा पूल पाहायला आपली माणसे जातात, तिथून जीज बेंड सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. कॅम्डेनहून तरीने गेलात तर उत्तम. गोधडी घेणार असाल तर घासाघीस करू नका, आणि रिहोबथला थांबून किंग यांच्या नावाची ती शिवणकेंद्राची इमारत आणि त्यासोबत वसलेली वस्ती पाहायला विसरू नका.